सदतिसावं मशीन

प्लगकाकांना ऑफिसात कुणी नावाने हाक मारून बावीस वर्षं तरी झाली असतील. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला की लोक त्यांना फोन करायचे, आणि पलीकडचा माणूस कितीही काकुळतीला आलेला असो, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: प्लग लावलाय का? दहातल्या सहा वेळा तो लावलेला नसायचाच. उरलेल्या चार वेळा काका तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून जिना उतरायचे आणि काम करून पुन्हा चढायचे. लिफ्ट होती, पण ती फायलींसाठी होती. माणूस आत शिरला की तिचं दार बंद व्हायला कुरबुर करायचं.

काकांची बायको त्याच कचेरीत तळमजल्यावर, आवक-जावक विभागात होती. बाहेरून आलेला अर्ज असो की आतून निघालेलं पत्र, त्यांच्या नोंदीशिवाय कागद जागचा हलत नसे. नोकरीत त्या नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी जुन्या. पण ते प्लगकाका झाले त्या दिवसापासून यांना सगळे काकू म्हणू लागले, आणि एका प्लगापायी आपलं धडधाकट नाव गेलं हे त्यांनी नवऱ्याला अजून माफ केलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात काकांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. कचेरीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, नव्यानेच आलेल्या होत्या. सदतीस कॉम्प्युटरांसाठी एक माणूस दिवसभर जिन्यावर पळतोय ही काही काम करायची पद्धत झाली का, असं त्यांचं म्हणणं. बाहेरची एक कंपनी हेच सगळं आपल्या ऑफिसात बसून करायला तयार होती. तिचा करार मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीची वाट पाहत होता. काका तावातावाने म्हणून बसले की बसल्या जागेवरून काय, मीही करीन. करायच्या कामांची यादी एकदाच लिहायची, तिला म्हणायचं स्क्रिप्ट, एक बटण दाबायचं, आणि सदतीसच्या सदतीस मशीन आपापल्या जागी ती कामं निमूटपणे उरकतील. ज्याचं झालं त्याच्या नावापुढे काकांच्या पडद्यावर हिरवी खूण.

मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, शुक्रवारी चार वाजता दाखवा. संध्याकाळपर्यंत सदतीस हिरवे झाले तर करार फाडते. एकही राहिला तर सही करते, आणि तुम्ही मीटरच्या गोदामात.

हे गोदाम गावाबाहेर होतं. तिथे बिघडलेले मीटर ठेवत आणि, सगळे म्हणत त्याप्रमाणे, तशीच माणसंही. कॉम्प्युटर सोडा, खिडकीसुद्धा नव्हती. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना तिथे जाऊन बसायची काकांची मुळीच तयारी नव्हती.

आदल्या शुक्रवारी, म्हणजे परीक्षेच्या बरोबर आठवडाभर आधी, काकांनी पहिली पायरी उरकली. स्क्रिप्ट लांबून चालवण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम त्यांनी सगळ्या मशीनवर पाठवून दिला. आधी तो स्वतःच्या मशीनवर तपासला, तिथे तो काही न विचारता बसला. शनिवारी आणि रविवारी घरी त्यांनी खुद्द स्क्रिप्ट लिहायला घेतली.

रविवारी जेवणं झाल्यावर काका टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि काकू समोर बसून काहीतरी सांगत होत्या. काकांचा जीव स्क्रिप्टमध्ये. पण इतक्या वर्षांच्या संसारात ते एक शिकले होते, की समोरचा आवाज थांबला की 'हूं' म्हणायचं. काकू थांबल्या, काका हूं म्हणाले. असं बराच वेळ चाललं. मग काकू जरा जास्तच थांबल्या, तर काकांनी दोनदा हूं केलं.

"काय म्हटलं मी आत्ता?" काकूंनी विचारलं.

काकांनी अंदाज बांधला. "बाल्कनीतला नळ गळतोय."

नळ गेल्याच महिन्यात दुरुस्त झाला होता, आणि माणूस आणून तो काकूंनीच करून घेतला होता. त्या उठल्या, ताटं उचलली, आणि त्यांनी तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच.

सोमवारी सकाळी दोघं नेहमीप्रमाणे एकाच स्कूटरवर ऑफिसला गेली. मागे काकू, मध्ये पर्स. खड्डा आला तरी काकूंच्या तोंडून हूं की चूं नाही. साडेदहाला काकांनी हात चोळले, बटण दाबलं, आणि खुर्चीत मागे रेलून पाहत बसले. हिरवी, हिरवी, हिरवी. लेखा विभाग हिरवा, नकाशा विभाग हिरवा, तक्रार विभागातलं ते म्हातारं, खोकणारं मशीनसुद्धा हिरवं. काका मनातल्या मनात मोठ्या बाईंसमोर करायच्या भाषणाला लागले होते, तेवढ्यात यादी संपली. छत्तीस हिरवे, एक लाल. लाल खुणेशेजारी नाव होतं 'आवक-जावक, १'.

म्हणजे काकू.

दुसरं कुठलंही मशीन असतं तर काका एव्हाना जिन्यात असते. पण खाली जायचं म्हणजे आधी आपण बोलायचं, आणि आधी बोलायचं म्हणजे आपलं चुकलं असं झालं. काका तसे समजूतदार, पण एका नळावरून एवढं मनाला लावून घ्यावं हे त्यांना पटत नव्हतं. शिवाय बसल्या जागेवरून काम करायचं हीच तर पैज होती. त्यांनी बाह्या वर केल्या.

आधी त्यांनी ते मशीन जागेवर आहे का ते पाहिलं. वायरीवरून नुसती हाक मारायची आणि ओ येते का बघायचं, अशी सोय असते. ओ आली, लगेच, खणखणीत. मग त्यांनी पासवर्ड तपासला, बरोबर. बाहेरच्यांना अडवणारी भिंत तपासली, तिच्यात काकांसाठी दार ठेवलेलं होतं. घड्याळ तपासलं, कारण दोन मशीनच्या घड्याळांत फरक पडला तरी अशी कटकट होते. काकूंच्या मशीनचं घड्याळ काकांच्या मशीनपेक्षा बरोबर निघालं, ते पाहून काकांना उगाचच राग आला.

मंगळवारी त्यांनी ते मशीन यादीतून काढून पुन्हा घातलं. बुधवारी एकट्या त्याच्यासाठी वेगळी, लहान स्क्रिप्ट लिहिली, तिच्यात काम एकच: माझं ऐकतोस का, एवढं सांग. उत्तर एकच येई: नकार, क्रमांक पाच. काकांनी प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक उघडून पाच नंबर शोधला. तिथे लिहिलं होतं, संबंधित कॉम्प्युटरपाशी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. काकांनी पान उलटलं.

घरी तर आणखी मजा. काकूंना काही सांगायचं असलं की त्या परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन करायच्या, लेक तिकडून काकांना मेसेज पाठवायची. बाबा, आई विचारतेय, भाजी वाढू का. काका शेजारच्याच खुर्चीत. ते लेकीला कळवायचे, थोडीशी. बुधवारी रात्रीच्या जेवणाला लेकीने स्वतःहून विचारलं, बाबा, शुक्रवारी चार वाजताचं लक्षात आहे ना? काकांना पोरीचं कौतुक वाटलं, आपल्या परीक्षेची हिला केवढी काळजी. लक्षात आहे, जय्यत तयारी चाललीय, त्यांनी कळवलं. लेकीने हसरा चेहरा पाठवला आणि म्हणाली, आईला सांगते. काकूंनी त्या दिवशी भाजी न विचारता वाढली. काकांना वाटलं, वारं फिरतंय. तरी बोलले नाहीत.

गुरुवारी काकांचे नाकी नऊ आले. करून पाहण्यासारखं काही उरलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली, आणि ती कामाची नव्हती. चार दिवस ते त्या एका मशीनवर नजर लावून बसले होते, त्यामुळे काकूंचा सगळा दिवस त्यांना कळायला लागला होता. दहा वाजून दोन मिनिटांनी मशीन सुरू, म्हणजे स्कूटरवरून उतरल्यावर दोन मिनिटांत बाई कामाला. दीड वाजता बंद, दोनला सुरू. साडेतीनला चहाला उठल्या की बंद, परतल्या की सुरू. सबंध कचेरीत उठताना मशीन बंद करणारं दुसरं माणूस नव्हतं. बाकीच्यांची रात्रंदिवस चालूच असायची.

शुक्रवारी पावणेदोन वाजता काकांनी हात टेकले. गोदाम डोळ्यांसमोर दिसू लागलं तसा मानही गेला आणि हट्टही गेला. गुडघे धरत ते तीन मजले उतरले.

आवक-जावकमध्ये काकू एकट्याच होत्या, डबा आवरत होत्या. काका दारात उभे राहिले. काय बोलावं हे जिन्यात ठरवलं होतं, ते विसरले, आणि सवयीने तोंडातून निघालं, "प्लग लावलाय का?"

काकूंनी पाच दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. "लावलाय. काय काम आहे?"

काकांनी सगळं सांगितलं. छत्तीस, एक, क्रमांक पाच, घड्याळ. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं. मग अर्जदारांसाठी ठेवलेल्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बसा तिथे. रविवारी जे सांगितलं ते पुन्हा सांगते. हूं म्हणायचं नाही."

काका बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

काकूंनी सुरुवातीपासून सांगितलं. गेल्या शुक्रवारी त्यांच्या पडद्यावर एक चौकट आली होती, हो की नाही विचारणारी. त्यांनी 'नाही' दाबलं. ती तुमच्याच कामाची असेल असं मागाहून वाटलं, म्हणून रविवारी विचारलं, की दाबलं ते बरोबर ना? तुम्ही हूं म्हणालात.

काका बाकावरून अर्धे उठले. प्रोग्रॅम पहिल्यांदा येतो तेव्हा त्या मशीनवरच्या माणसाला एकदा परवानगी विचारतो, आणि मिळालेलं उत्तर कायमचं लक्षात ठेवतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मशीनने विचारलं नाही, कारण मालकाला कोण विचारतो. "अगं पण 'नाही' का दाबलंस? बाकी सगळ्यांनी 'हो' दाबलं."

काकूंनी मॉनिटरच्या कडेला बोट लावलं. तिथे काकांच्याच अक्षरातला एक कागद होता. अकरा वर्षांपूर्वी कचेरीत व्हायरस शिरून चार दिवस सगळं ठप्प झालं होतं, तेव्हा काकांनी चार नियम लिहून प्रत्येक मॉनिटरला एकेक कागद डकवला होता. एक, मशीन बंद पडले तर आधी प्लग पाहा. दोन, अनोळखी माणसाचे पत्र उघडू नका. तीन, पडद्यावर काही विचारले आणि ते समजले नाही तर 'नाही' दाबा. चार, उठताना मशीन बंद करा. बाकी ठिकाणचे कागद केव्हाच गेले होते. कुणी त्यावर सुट्ट्यांची यादी चिकटवली, कुणी मागच्या बाजूने हिशेब केला. काकूंनी आपल्या कागदाला पारदर्शक टेप लावली होती, आणि मॉनिटर तीनदा बदलला तेव्हा तिन्ही वेळा तो कागद नखाने सोडवून नव्यावर लावला होता.

बावीस वर्षं काका घसा फोडून सांगत आले होते आणि या इमारतीत त्यांचं एकाच माणसाने ऐकलं होतं. त्याच माणसाला चार दिवस ते लाल खूण म्हणून पाहत होते. काकांना लाज वाटली. ते पुन्हा नीट बसले.

"झालं नाही अजून," काकू म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "ती चौकट मला समजली नाही, कारण मला ती वाचताच आली नाही. दोन महिने बारीक अक्षर दिसत नाहीये. डाव्या डोळ्यासमोर धूर आल्यासारखं होतं. नोंदी करते त्या सवयीने करते. आज चार वाजताची डॉक्टरांची वेळ घेतलीय. डोळ्यांत थेंब घालतात, मग दोन-तीन तास दिसत नाही, एकटीने येता येत नाही. म्हणून विचारलं, याल का बरोबर? तर तुम्ही हूं म्हणालात. मला बरं वाटलं. आणि मग नळ."

लेकीचा तो मेसेज आता कुठे काकांच्या डोक्यात शिरला.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

काका उठले. आधी मशीनच्या पोटात जाऊन त्यांनी तो जुना 'नाही' पुसला. चौकट पुन्हा आली. त्यांनी ती काकूंना मोठ्याने वाचून दाखवली, कोण विचारतंय, काय करणार आहे, सगळं. काकूंनी दोन शंका विचारल्या, समाधान करून घेतलं, आणि मग 'हो' दाबलं. काका तीन मजले चढले, बटण दाबलं. सदतीस हिरवे. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. घड्याळात अडीच वाजले होते.

ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, चार वाजता मी नसेन. स्क्रिप्टला वेळ लावून ठेवलीय, ती आपली आपण सुरू होईल, कुणी राहिलं तर दर पाच मिनिटांनी पुन्हा जाऊन पाहील. तुम्ही माझ्या खुर्चीत बसून बघा.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि नाही चाललं तर?"

"तर सोमवारी गोदामात जातो. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"काय झालं तुमच्या डोळ्यांना?"

"माझे चांगले आहेत," काका म्हणाले.

दवाखान्यात गर्दी होती. चारला दहा मिनिटं कमी असताना नर्सने काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. काकू मिटून बसल्या. काकांनी खिशातून फोन काढला, कारण स्क्रिप्ट निकाल फोनवरही पाठवणार होती. चार वाजले. दोन मिनिटांनी निकाल आला. छत्तीस हिरवे, एक लाल.

काका निकालाकडे बघत राहिले, मग बायकोकडे.

"अगं, निघताना मशीन..."

"बंद केलं," काकू मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "नियम चार. का?"

काकांनी कपाळाला हात लावला. शिपायाला फोन करावा, खाली जाऊन फक्त बटण दाब म्हणावं, एका मिनिटाचं काम. त्यांनी नंबर काढला, एवढ्यात आतून पुकारा झाला. काकू उठल्या. डोळे किलकिले करून त्यांनी समोर पाहिलं, त्यांना दार दिसेना, आणि त्यांनी हात नुसताच पुढे केला. काकांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि तो हात धरला.

आत बराच वेळ गेला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, उजव्यात सुरुवात. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काहीच कारण नाही, महिन्याभरात छोटी शस्त्रक्रिया करू, दुसऱ्या दिवशी पेपर वाचाल. काकूंनी काळजीपूर्वक तीन प्रश्न विचारले. काकांनी सगळी उत्तरं पाठ केली, कारण घरी गेल्यावर परीक्षा होणार हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेर येऊन फोन सुरू केला तर मोठ्या बाईंचे सात कॉल येऊन गेलेले. काकांनी काकूंना बाकावर बसवलं आणि मन घट्ट करून फोन लावला.

मोठ्या बाईंना धाप लागलेली होती. त्यांनी सांगितलं ते असं. चार वाजून दोन मिनिटांनी छत्तीस हिरवे झाले, सदतिसावं लालच. त्या वाट पाहत बसल्या. शिपाई जागेवर नव्हता, लिफ्ट माणूस न्यायला तयार नव्हती. शेवटी त्या स्वतः उतरल्या. आवक-जावकचं मशीन झोपलेलं. काय करावं कळेना, तर कडेला एक कागद दिसला. पहिला नियम वाचून त्यांनी आधी प्लग पाहिला.

"लावलेला होता," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग चौथा नियम वाचला, तेव्हा उलगडा झाला. बटण दाबलं. वर येईपर्यंत सदतीस झाले होते."

काकांनी वळून बाकावरच्या काकूंकडे पाहिलं.

"तुम्ही रोज असे चढता-उतरता?"

"बावीस वर्षं," काका म्हणाले.

पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला. "सोमवारी या," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि आता खुर्चीतच बसा."

काका बाकापाशी परतले. काय झालं, काकूंनी विचारलं. त्यांनी इत्थंभूत सांगितलं. काकू दवाखान्याने दिलेल्या काळ्या चष्म्याआडून इतक्या हसल्या की डोळ्यांतले थेंब गालांवर आले. मग टॅक्सीत त्या सबंध रस्ताभर बोलत होत्या, पाच दिवसांचं साठलेलं. घराजवळ आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काय म्हटलं मी आत्ता?" काकांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

सोमवारी त्यांनी नवा कागद लिहिला, एकच, जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरात. तिसरा नियम बदलला: वाचता आले नाही तर मला हाक मारा. काकूंनी तो वाचला, टेप लावली. चौथा नियम काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

स्क्रिप्ट आता दर शुक्रवारी आपली आपण चालते. काकांनी तिची वेळ सकाळी अकराची ठेवली असती तर सदतीसही मशीन चालू सापडली असती. त्यांनी ती पावणेसहाची ठेवली आहे, काकू मशीन बंद करून पर्स आवरतात तेव्हाची. छत्तीस हिरवे होतात, एक लाल राहतं. मग काका खुर्चीतून उठतात, गुडघे धरत तीन मजले उतरतात, ते मशीन सुरू करतात, आणि हिरवं होईपर्यंत बाकावर बसून काकूंचं बोलणं ऐकतात.